स्टारलिंक युक्रेनच्या आघाडीवर: एका उपग्रह सेवेचे लष्करी गरजेने केलेले परीक्षण

घरगुती वापरासाठी बाजारात आणलेल्या इंटरनेट सेवेवर एका देशाच्या सैन्याने आघाडीवरचे दळणवळण उभे करावे, असे २०२२ च्या आधी कोणी सुचवले असते, तर सिग्नल शाखेतल्या कोणत्याही अधिकाऱ्याने ती कल्पना अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवली असती. युक्रेनच्या सैन्याने नेमके तेच केले, आणि पुढची अनेक वर्षे रोजच्या लढाईत ही सेवा अक्षरशः घासून वापरली. त्यामुळे इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे परीक्षण करायचे असेल, तर घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्या ग्राहकाच्या अनुभवापेक्षा या सैन्याचा अनुभव कितीतरी अधिक बोलका आहे. संदेश पोचतो का, शत्रूने अडथळे आणले तरी टिकतो का, उपकरण चार माणसांच्या तुकडीला वाहून नेता येते का, आणि सेवा बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे चार प्रश्न मी या सेवेला विचारले आहेत. पहिल्या तीन प्रश्नांवर ती उत्तम उतरते. चौथ्यावर ती कमी पडते, आणि माझ्या मते लष्करी खरेदीदाराने सर्वांत जास्त वजन त्याच प्रश्नाला दिले पाहिजे.

तुलनेसाठी आधीची व्यवस्था पाहावी लागेल. युक्रेनचे सैन्य आणि इतर सरकारी यंत्रणा व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या का-सॅट या भूस्थिर उपग्रहाची सेवा वापरत होत्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य सीमा ओलांडण्याच्या सुमारे तासभर आधी या सेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला कोणी हात लावला नाही. जमिनीवरच्या व्यवस्थापन यंत्रणेत एका चुकीच्या मांडणीच्या व्हीपीएनमधून (दुरून यंत्रणेत शिरण्याच्या खासगी मार्गातून) शिरकाव करून हल्लेखोरांनी ग्राहकांकडच्या मोडेमना अशा आज्ञा पाठवल्या की त्यांची स्मृतीच पुसली गेली. युरोपभर हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीत एनरकॉन कंपनीच्या ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण तुटले, त्यांचा या युद्धाशी काहीही संबंध नसताना. मे २०२२ मध्ये युरोपीय संघ, ब्रिटन आणि अमेरिका यांनी या हल्ल्यासाठी रशियाला जबाबदार धरले, परंतु तोवर युद्धाचे सर्वांत निर्णायक दिवस उलटून गेले होते. अवकाशातला उपग्रह कितीही भक्कम असला तरी जमिनीवरची कडी कच्ची असेल तर सेवा पडते, हा धडा त्या पहाटेच मिळाला होता, आणि स्टारलिंकलाही तो पुढे वेगळ्या तऱ्हेने लागू पडला.

२६ फेब्रुवारीला युक्रेनचे तेव्हाचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी ट्विटरवरून इलॉन मस्क यांच्याकडे जाहीर मागणी केली, काही तासांत सेवा सुरू झाल्याचे उत्तर आले, आणि २८ तारखेला उपकरणांची पहिली खेप देशात पोचली. लष्करी खरेदीची निविदा, चाचण्या, करार आणि पुरवठा यांना एरवी जी वर्षे लागतात ती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या दोन दिवसांचे मोल वेगळे सांगायला नको.

उपकरण म्हणून स्टारलिंकचे संचरूप साधे आहे: एक सपाट अँटेना, केबल, वीजपुरवठा आणि वायफाय राउटर. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर एकाच जागी असल्यासारखा दिसतो, म्हणून त्याची डिश एकदा नेमकी रोखावी लागते आणि गाडी हलली की पुन्हा रोखावी लागते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असतात आणि काही मिनिटांत आकाश ओलांडून जातात. त्यांचा माग अँटेना स्वतःच्या शेकडो छोट्या घटकांतून सोडलेल्या लहरींची दिशा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळवून ठेवते. परिणामी प्रशिक्षित तंत्रज्ञ नसलेल्या तुकडीलाही मोकळे आकाश दिसेल अशा जागी संच ठेवून थोड्याच वेळात जोडणी मिळते. माझ्या दृष्टीने या सेवेची सर्वांत मोठी कामगिरी हीच आहे. उपग्रह दळणवळण पूर्वी ब्रिगेडच्या किंवा डिव्हिजनच्या मुख्यालयापाशी थांबत असे, आता ते खंदकातल्या तुकडीपर्यंत उतरले.

उपग्रह जवळ असल्याचा दुसरा फायदा वेळेचा. भूस्थिर उपग्रहामार्गे गेलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला केवळ अंतरामुळे सुमारे अर्धा सेकंद लागतो, तर स्टारलिंकवर हा विलंब सेकंदाच्या शतांश भागांत मोजावा लागतो. घरी हा फरक व्हिडिओ कॉलपुरता जाणवतो. आघाडीवर मात्र टेहळणी ड्रोनचे चित्र मागच्या ठाण्यात थेट दिसते, तिथला अधिकारी तोफखान्याला लक्ष्य देतो, पहिला गोळा कुठे पडला हे त्याच चित्रात पाहतो आणि दुरुस्ती सांगतो. ही साखळी वेगाने फिरली तर लक्ष्य जागेवर सापडते, रेंगाळली तर वाहन निघून गेलेले असते. युक्रेनची डेल्टा ही रणभूमीचे एकत्रित चित्र दाखवणारी प्रणाली अशाच जोडण्यांवर पोसली गेली. मारिउपोलच्या अझोव्हस्ताल पोलाद कारखान्यात वेढले गेलेले सैनिक मे २०२२ पर्यंत बाहेरच्या जगाशी बोलू शकले तेही याच सेवेमुळे. पुढे काळ्या समुद्रातल्या मानवरहित नौकांवर आणि जड बॉम्बफेकी ड्रोनवरही तिच्या अँटेना बसल्या.

शत्रूच्या अडथळ्यांना तोंड देण्यात सेवेने सुरुवातीला सर्वांना चकित केले. मार्च २०२२ मध्ये युद्धक्षेत्राजवळच्या काही संचांचे जॅमिंग, म्हणजे विरोधी लहरी सोडून संदेश अडवणे, तासन्‌तास चालले, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून त्यावर मात केली. ही दुरुस्ती ज्या वेगाने झाली त्याचे कौतुक पेंटागॉनच्या इलेक्ट्रॉनिक युद्ध विभागाच्या प्रमुखांनी जाहीरपणे केले होते, कारण त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेत असा बदल इतक्या लवकर होत नाही. अरुंद झोत आणि दर थोड्या वेळाने बदलणारा उपग्रह यांमुळे ही जोडणी मुळातच जॅम करायला कठीण असते. तरीही २०२४ च्या वसंतात खार्कीव्हच्या उत्तरेकडील रशियन चढाईच्या वेळी युक्रेनी तुकड्यांची सेवा मंदावली आणि फेदोरोव्ह यांनी त्यामागे रशियाची नवी साधने असल्याचे सांगितले. हे द्वंद्व संपणारे नसते, आणि जॅमिंग कधीच होत नाही असा दावा करणाऱ्या विक्रेत्याला खरेदीदाराने दारातूनच परत पाठवावे.

मैदानातल्या उणिवाही आहेत. संच चालवायला साधारण ५० ते १०० वॅट वीज सतत लागते, म्हणजे जिथे संच तिथे जनित्र, गाडीची बॅटरी किंवा पॉवर स्टेशन आलेच. अँटेनाला आकाश उघडे लागते, त्यामुळे दाट झाडीत किंवा तळघरात ती निरुपयोगी. चालू अँटेना गरम होते आणि रात्री उष्णता टिपणाऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात उठून दिसते. पांढरा पृष्ठभाग तर दिवसाही घात करतो. म्हणून सैनिक ती खड्ड्यात पुरून वर जाळे घालू लागले, बाहेरचा भाग रंगवू लागले आणि स्वतः अँटेनापासून लांब बसू लागले. वर जाणारा झोत अरुंद असल्याने तो जमिनीवरून हेरणे अवघड असते, पण सोबतच्या राउटरचे वायफाय चोहोबाजूंना पसरते, आणि शहाण्या तुकड्या ते बंद ठेवून केबल वापरतात. या गोष्टी वापरकर्त्यांनी जीव धोक्यात घालून शोधून काढल्या आहेत, आणि कोणत्याही सैन्याने त्या आपल्या नियमावलीत जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात.

आता चौथ्या प्रश्नाकडे येतो.

सेवेचे भौगोलिक क्षेत्र कंपनी ठरवते. रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाच्या किनाऱ्यापर्यंत सेवा चालू करण्याची तातडीची विनंती आली होती आणि आपण ती नाकारली, असे मस्क यांनी स्वतः २०२३ मध्ये सांगितले. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस युक्रेनचे सैन्य खेरसोन भागात पुढे सरकत असताना मस्क यांच्या आदेशावरून तिथली सेवा तोडली गेली, असे वृत्त रॉयटर्सने जुलै २०२५ मध्ये दिले. कंपनीने ते अचूक नसल्याचे म्हटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल यांनी ही सेवा शस्त्र म्हणून वापरण्यासाठी नव्हती असे जाहीर करून ड्रोनच्या नियंत्रणासाठी तिच्या वापरावर मर्यादा आणल्याचे सांगितले. यातल्या प्रत्येक निर्णयामागे कंपनीची काही ना काही भूमिका आहे, आणि खासगी कंपनीने युद्धाची व्याप्ती वाढू नये म्हणून काळजी करणे समजण्यासारखे आहे. पण ज्या सेनापतीने उद्याच्या चढाईचा आराखडा त्या जोडणीवर बेतला आहे, त्याला हा निर्णय आधी कळत नाही, त्यात त्याचे मत घेतले जात नाही आणि त्याविरुद्ध त्याला कुठे दादही मागता येत नाही.

क्षेत्र आखून देण्याच्या पद्धतीत एक तांत्रिक दोषही आहे. आघाडी रोज सरकते. आपले सैन्य आखलेल्या रेषेच्या पुढे गेले की नेमके गरजेच्या क्षणी त्याचे संच मुके होतात, आणि शत्रूने मिळवलेला संच रेषेच्या अलीकडे असला की तो, २०२६ च्या सुरुवातीला फक्त नोंदणीकृत संचांनाच परवानगी मिळू लागेपर्यंत, बिनदिक्कत चालत असे. रशियन तुकड्या तिसऱ्या देशांतून आणलेले संच वापरत असल्याचे युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले होते. संच कुठे आहे यापेक्षा तो कोणाचा आहे यावर परवानगी द्यायला हवी, आणि लष्करी करारात ही अट पहिल्याच पानावर हवी.

पैशाची बाजूही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. सुरुवातीचे अनेक संच देणगीत आले, काहींचे पैसे अमेरिकी मदत संस्थेने दिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा खर्च आपण अनिश्चित काळ सोसू शकत नाही असे कंपनीने पेंटागॉनला कळवल्याचे उघड झाले, मग मस्क यांनी भूमिका बदलली, आणि जून २०२३ मध्ये पेंटागॉनने रीतसर करार केल्याचे जाहीर केले. मासिक शुल्काचा मोठा वाटा पोलंड उचलतो, वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर, असे त्याचे परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे लढतो एक देश, पैसे देतो दुसरा, करार करतो तिसरा आणि बटण राहते एका कंपनीकडे. २४ जुलै २०२५ रोजी कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाने जगभरची सेवा सुमारे अडीच तास बंद पडली, तेव्हा संपूर्ण आघाडीवर ती बंद असल्याचे युक्रेनच्या ड्रोन दलाच्या प्रमुखांनी सांगितले. त्या दिवशी कोणाचाही वाईट हेतू नव्हता. हजारो उपग्रह असले तरी त्यांना चालवणारी जमिनीवरची प्रणाली एकच आहे, आणि का-सॅटचा धडा इथे परत येतो.

पर्याय आहेत, पण आज त्यांपैकी एकही याची जागा पूर्ण भरून काढत नाही. स्पेसएक्सनेच डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी वापरासाठी स्टारशिल्ड ही वेगळी शाखा जाहीर केली, परंतु तिचा मुख्य ग्राहक अमेरिकी सरकार आहे. युटेलसॅट वनवेबचे सहाशेहून अधिक उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटरवर फिरतात. त्यांतले ७२ इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये सोडले. मात्र तिचे संच महाग आणि संख्येने थोडे आहेत. युरोपीय संघाच्या आयरिस स्क्वेअर प्रकल्पाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला असला तरी त्याचे सुमारे २९० उपग्रह या दशकाच्या अखेरीआधी पुरेसे उपयोगी पडणार नाहीत.

भारताने निवडलेला मार्ग या कसोटीवर पाहण्यासारखा आहे. आपले नौदल पूर्वी खोल समुद्रात इन्मारसॅटच्या परदेशी सेवेवर अवलंबून असे. ३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गयानातून सोडलेल्या जीसॅट-७ अर्थात रुक्मिणी या उपग्रहाने ते अवलंबित्व कमी केले, आणि २०१४ च्या ट्रोपेक्स सरावात त्यावरून सुमारे ६० युद्धनौका आणि ७५ विमाने जोडली गेली. हवाई दलासाठी जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मध्ये गेला, भूदलाच्या उपग्रहाचा सुमारे २,९६३ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला, आणि नौदलाचा ४,४१० किलोचा सीएमएस-०३ हा नवा उपग्रह २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून झेपावला. हे सारे भूस्थिर उपग्रह आहेत, त्यांना अर्ध्या सेकंदाचा विलंब चिकटलेला आहे, आणि हलत्या तुकडीला स्टारलिंकसारखी सोय त्यांतून मिळत नाही. पण त्यांचे बटण आपल्याकडे आहे.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावे पुढे आहेत. भामरागड-एटापल्लीच्या शाळा आणि आरोग्य केंद्रांना ही सेवा मिळाली तर मला मनापासून आनंद होईल. पण तिथल्या दुर्गम पोलीस मदत केंद्रांनी आपले कारवाईचे संदेश तिच्यावर सोपवू नयेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ सुमारे सहा टन अमली पदार्थांसह पकडलेल्या बोटीवर स्टारलिंकचा संच सापडला होता, आणि केंद्राने मे २०२५ मध्ये परवान्याच्या सुरक्षा अटी कडक केल्या, हे योग्यच झाले.

माझी शिफारस अशी की ड्रोनचे चित्र, रसद, वैद्यकीय सल्ला आणि जवानांचे घरच्यांशी बोलणे यांसाठी कोणत्याही सैन्याने ही सेवा निःसंकोच घ्यावी, कारण या कामात तिच्या तोडीचे आज काही नाही. हल्ल्याचा आदेश आणि माघारीचा आदेश मात्र स्वतःच्या रेडिओवर, स्वतःच्या तारेवर किंवा स्वतःच्या उपग्रहावर जावेत, आणि स्टारलिंक बंद ठेवून चालवण्याचा सराव प्रत्येक तुकडीने महिन्यातून एकदा तरी करावा.