गिटहबचं ब्लेम पेज: नाव पाहून थांबू नका
जुना कोड सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहून राहिलो, नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात असे बरेच सापडतील. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, फाइल उघडून कीबोर्डवर बी दाबलं की ब्लेम पेज उघडतं, प्रत्येक ओळीच्या बाजूला ती कोणी, कधी, कोणत्या कमिटमधे (म्हणजे नोंदवलेल्या बदलात) बदलली ते येतं, रंगाच्या पट्टीवरून नवं-जुनं पण लगेच दिसतं.

पण खरी कामाची चीज म्हणजे तिथलं छोटं आयकॉन, त्या बदलाच्या आधीचं ब्लेम दाखवणारं. लोक नाव पाहतात अन् तिथंच पकडतात माणसाला. अरे बाप्पा, ते नाव शेवटी हात लावणाऱ्याचं असतं, लॉजिक लिहिणाऱ्याचं नाही! आमच्या बिलिंगच्या कोडमधे जीएसटी राउंड करायची एक विचित्र अट होती, नाव ज्युनियर पोराचं, तो म्हणे "भाऊ, मी तं फक्त इंडेंट, म्हणजे ओळीआधीची जागा, नीट केलं". मग आयकॉन दाबत मागं मागं गेलो तर मूळ कमिट सापडली, तिच्यातून पुल रिक्वेस्ट (बदल कोडमधे घ्यायची विनंती अन् त्यावरची चर्चा), अन् क्लायंटच्या अकाउंटंटला ती अट कशाला पाहिजे होती ते सगळं तिथं लिहिलेलं. काढून टाकली असती तं मार्चमधे बोंब होती.

फॉर्मॅटरवाल्या, म्हणजे कोडची नुसती मांडणी बदलणाऱ्या, कमिटचा त्रास असेल तर रिपोच्या (प्रोजेक्टच्या) सगळ्यात वरच्या फोल्डरमधे डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज नावाची फाइल ठेवा अन् त्यात त्या कमिटचे पूर्ण हॅश (ओळख क्रमांक) टाका, गिटहब त्यांना आपोआप वगळतं. आपल्या मशीनवर मात्र गिट प्रोग्राम २.२३ किंवा पुढचा पाहिजे अन् त्याच्या कॉन्फिगमधे (सेटिंगमधे) ती फाइल सांगावी लागते. अन् कोणाला लिंक पाठवायच्या आधी वाय दाबा, लिंक त्याच कमिटची होते, नाहीतर उद्या कोणी वर चार ओळी टाकल्या की समोरचा भलतीच ओळ पाहत बसतो.

कमी कुठं पडतं? एका फाइलमधून कोड उचलून दुसरीत टाकला की वेबवर त्याचा जन्मच त्या दिवशीचा दिसतो. टर्मिनलवर ब्लेमला कॅपिटल सी लावला की मूळ फाइल सापडू शकते, डब्ल्यू लावला की नुसत्या स्पेसचे बदल सुटतात, वेबवर हे दोन्ही नाहीत. अन् जी ओळ कोणी उडवूनच टाकली ती ब्लेममधे येणार कुठून, तिच्यासाठी टर्मिनलवर गिट लॉगला, म्हणजे कमिटच्या यादीच्या कमांडला, कॅपिटल एस लावून शोधायचं.

ब्लेम पेजला पाचपैकी चार.