रक्तविकार ओपीडी, पुणे: बाबांच्या फॉलोअपचा अनुभव
बाबांना सीएलएल (रक्ताचा एक कॅन्सर) होऊन सहा वर्षं झाली. आधीच्या हॉस्पिटलात नुसता सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघायचे नि "सगळं ठीक" म्हणून पाठवायचे, दुसरा कॅन्सर होऊ शकतो हे कुणी बोललंच नाही, याचा अजून राग येतो. इथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी शर्ट काढायला लावून पाठ, मान, कानामागे टॉर्च मारून बघितलं, कारण या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडते आणि त्वचेचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त होतो, शिवाय फ्लुडाराबिनसारख्या केमोनंतर क्वचित एमडीएस (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा आजार) पण होतो. कानाच्या पाळीवरची न भरणारी खपली आम्ही चष्म्याची काडी घासते म्हणून सोडून दिली होती, बायोप्सीत स्क्वॅमस (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला, सुरुवातीचाच, लगेच काढला. वेटिंग दोन-दोन तास असतं, सकाळी लवकर नंबर लावा.