एकच फाइल, तीन कॉम्प्युटर: लिब्रेऑफिस कॅल्कचा दीड वर्षाचा अनुभव

लेखापरीक्षकांच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी दाखल नोंदवहीच्या फाटक्या पानांना कागद चिकटवत होते. "मॅडम, फाइल उघडली, पण पुस्तकांची नावंच नाहीत. नुसती इंग्रजी अक्षरं आहेत. आणि एप्रिलची वर्गणी पावतीपुस्तकाशी जुळत नाही." तीच फाइल माझ्या समोर उघडी होती. माझ्याकडे नावं स्वच्छ मराठीत दिसत होती.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. चौदा हजारांवर पुस्तकं, त्यांची यादी, सभासदांची वर्गणी आणि अनामत, सगळं एकाच एक्सेल फाइलमध्ये होतं. ती तीन ठिकाणी उघडते: वाचनालयातला कॉम्प्युटर, अध्यक्षांच्या मुलाने अमेरिकेहून आणून दिलेला लॅपटॉप, आणि लेखापरीक्षकांचं ऑफिस. अनुदानाचे कागद जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जायचे होते आणि तीन ठिकाणी तीन चेहरे दाखवणारी फाइल हातात होती. तेव्हा मी लिब्रेऑफिस उतरवून घेतलं. त्यातला तक्त्यांचा प्रोग्राम म्हणजे कॅल्क. फुकट आहे, मुक्त आहे, ओपनऑफिस या तशाच मुक्त ऑफिस-संचापासून २०१० साली वेगळा झालेला प्रकल्प आहे. पण फुकट आहे म्हणून मी तो सांगत नाही. आमच्या फाइलीला नेमकं काय झालंय हे त्याने मला डोळ्यांनी दाखवलं, म्हणून सांगते.

आधी तारखांचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होता. ऑनलाइन वर्गणी भरणाऱ्यांचा बँकेचा उतारा सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर म्हणून, येतो. तो अध्यक्षांनी त्यांच्या लॅपटॉपवर उघडून आमच्या वर्गणीच्या शीटमध्ये चिकटवला होता. लॅपटॉपचं रीजन, म्हणजे विंडोजमधली देशाची सेटिंग, अजून युनायटेड स्टेट्स होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. उताऱ्यात ०५/०४/२०२३ असं लिहिलेली ५ एप्रिल तिथे ४ मे झाली. १ एप्रिल ४ जानेवारीला गेली. १३ एप्रिलपासून पुढच्या तारखांत तेरावा महिना कुठून आणणार? म्हणून त्या तारीख न होता साधा मजकूर होऊन बसल्या आणि महिन्याच्या बेरजेतून गळाल्या. जागेवर राहिली ती फक्त ४ एप्रिल.

आता फसवणूक कुठे होती ते बघा. सेलमध्ये तारीख साठवली जाते ती एका आकड्याच्या रूपात. ४ मे २०२३ म्हणजे ४५०५०. तो आकडा तारखेच्या वेषात कसा दाखवायचा हे त्या त्या कॉम्प्युटरचं रीजन ठरवतं. म्हणून ४५०५० अध्यक्षांकडे ५/४/२०२३ दिसायचा आणि माझ्याकडे ०४-०५-२०२३. अध्यक्ष म्हणायचे, "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय, मॅडम." आणि त्यांना खरोखरच बरोबर दिसत होतं. आम्ही दोघं पंधरा मिनिटं फोनवर एकच सेल वाचत होतो आणि दोघंही खरं बोलत होतो.

कॅल्कमध्ये कंट्रोल धरून एफ८ दाबा. व्हॅल्यू हायलाइटिंग नावाची सोय आहे, व्ह्यू मेन्यूतही सापडते. लगेच शीटमधला मजकूर काळा होतो, आकडे आणि तारखा निळ्या होतात, सूत्रं हिरवी. आमच्या तारखांच्या कॉलमात वर थोडं निळं आणि खाली सलग काळं, असं दिसलं. काळ्या तारखा म्हणजे मजकूर. त्या दुरुस्त करणं सोपं गेलं: कॉलम निवडायचा, डेटा मेन्यूतून टेक्स्ट टू कॉलम्स उघडायचं, कॉलमचा प्रकार दिवस-महिना-वर्ष असा सांगायचा, झालं. निळ्यांनी जास्त वेळ घेतला, कारण उलटी झालेली तारीखही निळीच असते. त्यांचा दिवस आणि महिना सूत्राने अदलाबदल केला, पण आधी प्रत्येक ओळ पावतीपुस्तकाशी लावून बघितली. ज्या तारखा मी हाताने टाकल्या होत्या त्या बरोबरच होत्या, आणि सूत्र सरसकट ओढलं असतं तर त्याही बिघडल्या असत्या.

त्याच रंगांत एक गोष्ट न शोधता सापडली. बेरजांच्या हिरव्या कॉलमात एकच सेल निळा. कधीतरी कुणीतरी सूत्रावर हाताने रक्कम लिहून ठेवली होती. ती किती दिवस तशीच होती कोण जाणे. या एका सोयीसाठी मी हा प्रोग्राम कुणाच्याही कॉम्प्युटरवर टाकायला सांगेन.

आता बँकेचा उतारा मी कॅल्कमध्येच उघडते. सीएसव्ही उघडताना तो आधी एक खिडकी दाखवतो आणि विचारतो: अक्षरांचं एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) कोणतं, भाषा कोणती, कोणता कॉलम तारीख, कोणता मजकूर. खाते क्रमांकाच्या कॉलमला मी मजकूर सांगते. नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात, आणि आकडा सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण तक्त्यात आकडा पंधरा अंकांपर्यंतच नेमका राहतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवलं की सभासदांची मराठी नावंही शाबूत येतात.

पुस्तकांच्या नावांचं दुखणं मात्र निराळं होतं, आणि तिथे कॅल्ककडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. आमची यादी माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली. तिथे ‘मराठी’ असं दिसतं, पण आत साठलेली असतात ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवतो. लेखापरीक्षकांकडे तो फॉन्ट नव्हता, म्हणून त्यांना आतलं उघडं रूप दिसलं. कॅल्कने इतकंच केलं की फॉन्टचं नाव तिरक्या अक्षरांत दाखवलं. नाव तिरकं दिसलं की समजायचं, हा फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, दुसरा वापरला जातोय. निदान झालं, पण औषध म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आणणं. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. तो काम करतो, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांवर नजर ठेवावी लागते. कृतिदेवात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, आणि जोडाक्षर आलं की ती हमखास चुकीच्या जागी जाऊन बसते.

हे काम किचकट आहे, तरी करा. आमची यादी इतकी वर्षं अकारविल्हे लागतच नव्हती आणि मला वाटायचं आपल्याला सॉर्ट करता येत नाही. सॉर्ट व्हायचं ते आतल्या रोमन अक्षरांच्या क्रमाने. युनिकोड झाल्यावर पहिल्यांदा लेखकांच्या कॉलमवर सॉर्ट दिलं आणि ‘अ’पासून ‘ह’पर्यंत लेखक ओळीने उभे राहिले, तेव्हा मी लिपिकाला हाक मारून बोलावलं.

फॉन्ट निवडतानाही सांभाळा. मंगल सगळीकडे असतो असं आपण धरून चालतो, पण विंडोज १० पासून तो मूळ संचात नसून वेगळ्या देवनागरी फॉन्ट-संचात येतो. मूळ संचात असतो निर्मला यूआय. आम्ही तिन्ही ठिकाणी नोटो सान्स देवनागरी टाकला. फुकट आहे. त्याने ओळींची उंची सगळीकडे सारखी झाली आणि छपाईची पानं एकसारखी तुटायला लागली. कॉलमात ####### दिसायचं तेही बंद झालं, कारण कॉलमची रुंदी अक्षरांच्या मापावर ठरते आणि फॉन्ट बदलला की रक्कम मावत नाही. रक्कम कुठे जात नाही, फक्त जागा कमी पडते. लेखापरीक्षकांच्या ऑफिसातला मुलगा ते बघून फार घाबरला होता.

लाखांच्या स्वल्पविरामासाठी सेलच्या फॉरमॅटमध्ये नंबर्सच्या पानावर भाषा इंग्लिश (इंडिया) किंवा मराठी करायची. मग १२,४५,३०० असंच दिसतं, आणि कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस फाइलीत ती भाषा सेलसोबत पुढे जाते. एक्सेलमध्ये स्वल्पविरामाची जागा विंडोजच्या रीजनवर अवलंबून असते. म्हणून अध्यक्षांच्या लॅपटॉपचं रीजनही आम्ही इंडिया करून घेतलं. खरं तर ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. कॅल्क देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट धरतो, रोमनसाठी वेगळा. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला आणि मराठी तसंच राहिलं, असं होतं. त्यासाठी सेलच्या फॉरमॅटमध्ये फॉन्टच्या पानावर जाऊन सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांचा भाग) खाली बदलावं लागतं, आणि हे कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. एक्सेलचे मॅक्रो (फाइलीत लिहून ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर ते सगळे चालतीलच असं नाही. यादीत शोधून जुळणारी नोंद आणणाऱ्या एक्सलुकअपसारखं नवं सूत्र वापरायचं तर कॅल्कची २४.८ किंवा पुढची आवृत्ती हवी. जुन्या एक्सेलमध्येही ते सूत्र चालत नाही, तेव्हा तीन ठिकाणी फिरणाऱ्या फाइलीत ते टाकूच नये. आणि एकच फाइल आज एक्सेलमध्ये, उद्या कॅल्कमध्ये सेव्ह करत राहू नका. आम्ही मूळ फाइल वाचनालयात ओडीएसमध्ये ठेवली आहे. बाहेर जाते ती प्रत.

लेखापरीक्षकांना या वर्षी मी हायब्रिड पीडीएफ पाठवली. एक्स्पोर्ट करताना त्या नावाची खूण करायची, की पीडीएफच्या पोटात मूळ तक्ताही राहतो. वाचणाऱ्याला मी बघते तेच पान दिसतं, आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर आकडेही तपासता येतात. त्यांचा फोन आला तो फक्त एका पावतीच्या क्रमांकासाठी.

यादीतली अकराशे नावं अजून वेलांटी-रफारासाठी तपासायची आहेत. दुपारी वाचक कमी असतात तेव्हा लिपिक कपाटातलं पुस्तक उघडून नाव वाचतो आणि मी पडद्यावर बघते. दिवसाला पन्नास होतात.