शाळेची कुंपणातली मेलपेटी: आठ महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवी ते दहावीच्या १८६ मुलांना शाळेचा स्वतःचा ईमेल द्यायचं ठरलं. आता फेब्रुवारी आहे. ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला आमची मराठी माध्यमाची शाळा. संगणक कक्षात यंत्रं २४, त्यातली चालू १९. संगणक मी शिकवते, म्हणून हे काम माझ्याच गळ्यात आलं. दुसऱ्या एखाद्या शाळेत असा विचार चालला असेल तर उपयोगी पडेल, म्हणून घडलं तसं लिहितेय.

आम्ही गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, म्हणजे गूगलची शाळांसाठीची मेल वगैरेची सेवा, तिची फंडामेंटल्स ही आवृत्ती घेतली. पात्र शाळांना ती फुकट मिळते, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या शाळेच्या नावाचा. नावाच्या शेवटी एज्यु डॉट इन हवं असेल तर ते अर्नेट या सरकारी संस्थेकडे नोंदवावं लागतं आणि शाळेची कागदपत्रं द्यावी लागतात. त्यात थोडा वेळ गेला, बाकी मांडणी दोन दिवाळी अंक वाचून होतील एवढ्या वेळात झाली.

मुलांचा गट १८ वर्षांखालचा म्हणून लावला की बरंच काही आपोआप होतं. सेफसर्च, म्हणजे शोधातले अश्लील निकाल गाळणारी सोय, चालू होतो, सर्चमधल्या जाहिराती जातात, शाळेच्या खात्यातून यूट्यूबवर व्हिडिओ टाकता येत नाही की कमेंट करता येत नाही. पण आमच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच होती. मुलांचा मेल शाळेच्या डोमेनबाहेर जाणार नाही आणि बाहेरचा आत येणार नाही, अशी अट प्रशासकाला घालता येते. ती पहिल्या दिवशीच घातली. लॉटरी लागल्याचे, पार्सल अडकल्याचे मेल मुलांपर्यंत आजवर पोचलेले नाहीत.

पालकसभेत संमतीपत्रं भरून घेतली. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, एवढं मी समजावून सांगितलं. कायद्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. मागच्या बाकावरून एका वडिलांनी विचारलं, "बाई, यातनं माझ्या बँकेतले पैसे तर नाही ना जाणार?" प्रश्न अगदी रास्त होता. घरात फोन एकच, त्याच फोनवर त्यांचं यूपीआय, त्याच फोनवर आता पोराचं शाळेचं खातं.

एकाच फोनवर दोघांचं खातं असल्याचा परिणाम ऑक्टोबरात दिसला. साठवणुकीचा अहवाल बघताना नववीतल्या एका मुलीच्या खात्यात ११ जीबी भरलेले दिसले. निबंध आणि गणिताच्या फोटोंनी एवढं भरत नाही. चौकशी केली तर वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप तिच्या खात्यात जात होता. नवीन फोन घेतल्यावर समोर जे खातं दिसलं त्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. म्हणजे घरच्या साऱ्या गप्पा, भिशीचे हिशेब, सगळं शाळेच्या खात्यात. त्यांना बोलावून ते बदलून घेतलं. बिचारे माझ्याहून जास्त ओशाळले.

मेलचे पत्ते करताना माझी एक चूक झाली होती. आधी नाव, आडनाव आणि जन्मसाल असा साचा केला. मग लक्षात आलं, मुलीचं पूर्ण नाव आणि वय आपणच पत्त्यावर छापतोय. सगळे पत्ते मोडून पहिलं नाव आणि जी.आर. नंबर (शाळेच्या जनरल रजिस्टरमधला मुलाचा क्रमांक) असे केले. आता मुलांना जी.आर. नंबर आठवत नाही, ही तक्रार रोजची आहे. पासवर्डचंही तेच. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा म्हणजे "बाई, उघडत नाहीये." शेवटी वर्गशिक्षकांना आपापल्या वर्गाचा पासवर्ड बदलून देण्यापुरते अधिकार दिले आणि मला डबा खायला वेळ मिळू लागला.

कक्षात दुसरी एक पंचाईत. मुलं लॉगआउट करत नाहीत. पुढचा बसतो आणि आधीच्याच्या नावाने मेल पाठवतो, "मी मूर्ख आहे" वगैरे. आता नियम असा की गेस्ट विंडोतच काम करायचं. विंडो बंद केली की खातं आपसूक बाहेर.

शिवीगाळ अडवायला आपल्या शब्दांची यादी करता येते. ती मी हौसेने केली आणि तोंडघशी पडले. एकेक मराठी शिवी मुलं रोमन अक्षरांत पाच-सहा तऱ्हांनी लिहितात, किती तऱ्हा घालणार? यादीत मी गाढवही घातलं होतं. आठवीतल्या एका मुलाने मराठीच्या बाईंना "गाढवाची गोष्ट पाठवतोय" असा रोमन अक्षरांत मेल केला, तो चार दिवस माझ्याकडे अडकून पडला आणि त्याला उशिराबद्दल शेरा मिळाला. गाढव यादीतून काढलं. त्याचा शेराही खोडून घेतला.

कक्षाच्या इंटरनेटसाठी राउटरवर क्लाउडफ्लेअर या कंपनीचे कुटुंबांसाठीचे डीएनएस आकडे घातले, १.१.१.३ आणि १.०.०.३. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा. ही सोय २०२० सालापासून फुकट आहे. व्हायरसच्या आणि अश्लील साइट उघडत नाहीत. खेळांच्या साइट मात्र उघडतात, ते तिचं कामच नाही. ही गाळणी साइटच्या नावावर चालते, उघडलेल्या पानात काय आहे ते तिला दिसत नाही. नववीतल्या एकाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस निवडून ती ओलांडलीसुद्धा. त्याला रागावले, आणि मग विज्ञान प्रदर्शनात तोच विषय घ्यायला लावला.

मोठा घोळ झाला तो केबलवाल्याकडून. राउटर दुरुस्त करताना त्याने सगळं मूळपदावर आणलं आणि आकडे पुसले गेले. दोन आठवडे कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून दर सोमवारी मुलं यायच्या आधी मी बंद असायला हवी अशी एक साइट उघडून बघते. पहिल्याच सोमवारी ती उघडली, आणि मुख्याध्यापकबाई दारात उभ्या. खुलासा करताना घाम फुटला.

आता जिच्यामुळे हे लिहायला बसले ती गोष्ट. सगळी भिंत बाहेरच्या माणसासाठी बांधली होती. डिसेंबरात आठवीतली एक मुलगी प्रिंट काढलेले सात मेल घेऊन आली. वर्गातल्याच चौघींनी तिच्या रंगावरून, घरावरून लिहिलेले. एकाही मेलमध्ये यादीतला शब्द नव्हता, आणि चौघी कुंपणाच्या आतल्याच. हेच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर झालं असतं तर लिहिलेलं पुसून टाकलं असतं आणि आम्ही "घरचा मामला" म्हणून हात झटकले असते. शाळेच्या मेलवर होतं म्हणून पुरावा राहिला आणि जबाबदारी आमच्यावर आली. पुढचे तीन आठवडे सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता. वर्गशिक्षिका, चौघींच्या आया, आणि त्या मुलीची बाकावरची जागा, एवढंच.

त्यानंतर मुलांचे मेल शिक्षकांनी अधूनमधून वाचावेत असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. तक्रार आली तरच, मुख्याध्यापकबाईंना सांगून आणि दोघांनी मिळून वाचायचे, असं ठरलं. मेल शाळेचा आहे आणि गरज पडली तर तो बघितला जाईल, हे मुलांना आधीच सांगितलं. कक्षाच्या दारावर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा १९३० हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लावलेत.

कुंपणाला फाटकही लागतं. रायलादेवी तलावाच्या प्रकल्पावर आठवीच्या मुलांनी महापालिकेला पत्र लिहिलं, ते अर्थातच परत आलं. तो एक पत्ता मान्य यादीत घातला. असे पत्ते आता नऊ झालेत, प्रत्येकासाठी कोणीतरी शिक्षक सही करतो.

परीक्षा संपली की दहावीची ५८ खाती बंद करायची आहेत. त्याआधी प्रत्येकाने आपलं काम उतरवून घ्या म्हटलंय. वर्गात पेनड्राइव्ह मोजून चार निघाले, तेव्हा एप्रिलमध्ये माझं रांगेत बसवून एकेकाचं काम उतरवून देणं चालणार असं दिसतंय.