मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल : सहा महिने वापरल्यावर

यजमानांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. जुन्या बायबलातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात, म्हणून हे घेतलं. छपाई काळीभोर, ओळी सुट्या. दवाखान्यातल्या मंद उजेडातही वाचता येतं. पहिल्याच दिवशी स्तोत्र 55 काढलं. आपला भार परमेश्वरावर टाक, असं 22 व्या वचनात आहे. सुया टोचलेला हात न हलवता दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी त्या ओळीवर किती तरी वेळ ठेवलं होतं. मीही त्या दिवशी माझा भार तिथंच ठेवला.

वजन मात्र फार, मांडीवर उशी लागते. रेशमी खूणदोरी महिन्यातच उसवली. दुकानदाराने बदलून दिलं नाही, मीच शिवली.

रविवारच्या उपासनेला आता जाणं होत नाही. मग चर्चच्या मंडळीतल्या बायका गुरुवारी घरी येतात, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, जाताना भाकरीचा डबा ठेवून जातात. पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घरीच आणतात. त्या वेळी वाचन यजमान स्वतः करतात, याच बायबलातून.

घेणार असाल तर चेनचं कव्हर सोबतच घ्या.