तळ्याचा काठ: बांधलेला की चिखलाचा?

कोल्हापूरकराला तळं म्हटलं की रंकाळा आठवतो: दगडी कठडा, संध्यामठ, चौपाटीवरची भेळ. माणसांसाठी हा काठ उत्तम. पाय घसरत नाही, आजी-आजोबा निवांत फिरतात. पण पाण्यात सरळ उतरणाऱ्या भिंतीपाशी पक्ष्याने घरटं बांधायचं कुठं?

कोल्हापूरलगतच्याच कळंबा तलावाच्या उथळ बाजूला मात्र गवत, पाणकणीस आणि चिखल दिसतो. फोटोला तो काही फार देखणा नाही, पण पक्ष्यांना हवा तो हाच. टिबुकली पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते. उठून जाताना अंड्यांवर ओलं गवत ओढते, मग घरटं म्हणजे नुसता कुजका पाला वाटतो. जांभळी पाणकोंबडी दाट पाणकणसात शिरते. टिटवी तर उघड्या जमिनीवरच साधारण चार अंडी घालते. तिथं फिरायचा ट्रॅक झाला की तिचा विषय संपला.

केंदाळ, म्हणजे पाण्यावर पसरणारी जलपर्णी, काढण्याचंही तसंच. ते काढायलाच हवं, पाणी गुदमरतं. पण जून ते सप्टेंबरात सगळं एकदम उपसलं तर कमळपक्ष्याची पानांवरची अंडीही त्यात जातात, आणि ती उबवणारा बाप बिचारा कडेला उभा. हिवाळ्यात, टप्प्याटप्प्यानं काढलं तर दोन्ही साधतं.

माझं मत विचाराल तर रंकाळ्याचा कठडा राहू दे. पण कळंब्याची ती उथळ बाजू कुणी 'सुशोभित' करायला नको. मोकळी कुत्री तेवढी विणीच्या दिवसांत तिकडून लांब ठेवा.