ड्युसेलडॉर्फचा किन्त्सुगी वर्ग : घाई असेल तर जाऊ नका

फुटलेली कपबशी सोन्याच्या रेघांनी जोडायची जपानी कला म्हणजे किन्त्सुगी. ती शिकवणारे वर्ग हल्ली युरोपात जागोजागी निघालेत. बरेचसे दोन तासांत आटपणारे. इपॉक्सी या कृत्रिम गोंदाच्या दोन नळ्या, त्यात कालवायची सोनेरी पूड, जोडलं की वस्तू पिशवीत घालून घरी. असल्या एका वर्गाला मी मागे पैसे भरले होते. तिथे फोडायची वाटीही त्यांचीच आणि हातोडीही त्यांचीच! त्या वाटीत खायचं काही ठेवू नका, हे मात्र निघताना सांगितलं.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये इमरमानश्ट्रास या रस्त्यावरच्या जपानी दुकानांमागे एक जपानी बाई चालवतात तो वर्ग मात्र खराखुरा. इथे काम उरुशीत होतं. उरुशी म्हणजे झाडाचा चीक. आंबा, काजू आणि बिबा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड, त्यामुळे ओली उरुशी अंगाला लागली की बिबा उतावा तशी उतते. बाई पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगतात, हातमोजे देतात आणि लिहून घेतात. कातडीला लागलीच तर आधी खायच्या तेलाने पुसायची, मग साबण. ब्रशही तेलानेच धुवायचा. पण वापरण्याआधी त्यातलं तेल पूर्ण काढलं नाही तर उरुशी वाळतच नाही, हे त्या पुन्हा पुन्हा बजावतात.

जोडायचा लगदा बघण्यासारखा असतो. मैदा थेंब थेंब पाण्यात मळायचा आणि मग त्यात उरुशी घालत पात्याने काचेवर घोटत राहायचं. पाते उचलल्यावर तार सुटली की झालं. आमच्यातल्या एका निवृत्त दंतवैद्याला बाईंनी तीनदा परत घोटायला लावलं. (पुढे सांध्याबाहेर आलेला लगदा खरवडायला त्यांनी स्वतःची जुनी हत्यारं आणली आणि सगळ्यांच्या पुढे गेले.) माझ्या बशीचे तुकडे बाईंनी लगद्याशिवाय आधी नुसतेच जुळवून घेतले आणि कुठला आधी, कुठला नंतर, ते पेन्सिलीने लिहायला लावलं. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत जातच नाही.

मग थांबायचं. उरुशी कोरड्या हवेत वाळत नाही, तिला घट्ट व्हायला दमटपणा लागतो. इथल्या हिवाळ्यात हीटर लावलेली घरं तिला अजिबात मानवत नाहीत. म्हणून ओलं फडकं ठेवलेली बंद लाकडी पेटी, तिला ‘मुरो’ म्हणतात. कोकणातल्या पावसाळ्यात ही पेटी लागणार नाही, असं मी म्हटलं तर बाईंनी हवेतल्या दमटपणाचा नेमका आकडा विचारला! जोडल्यावर किमान आठवडाभर पेटीत, मग दगडाची बारीक भुकटी आणि उरुशी कालवून खाचा बुजवायच्या, घासायचं, काळा थर, परत घासायचं, मग लाल उरुशीची केसाएवढी रेघ. ती अर्धवट वाळलेली असताना वर सोन्याची पूड. लवकर टाकली तर सोनं आत बुडतं, उशिरा टाकली तर चिकटत नाही.

आणि नेमक्या याच पायरीला वर्ग कमी पडतो. एका बाईंमागे बारा जण हे फारच झालं. वेळ जायला लागली की त्या ब्रश स्वतःच्या हातात घेतात. माझ्या बशीवरच्या अर्ध्या रेघा त्यांच्या आहेत आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. एकच पेटी असल्याने आत दाटीवाटी, दुसऱ्याची वस्तू हलवल्याशिवाय आपली निघत नाही. लेखी टिपणं मिळत नाहीत. बोलणं जर्मन आणि जपानीची सरमिसळ, तरी हात बघून कळतं.

फी २४० युरो, त्यात सोनं धरलेलं नाही, ते वजनावर वेगळं. पितळेची पूड स्वस्त, पण खाण्यापिण्याच्या भांड्याला बाई ती लावू देत नाहीत. सोनं लावलेली माझी बशी आता रोज चहाला असते. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर तिला वर्ज्य.

दिवाळीला कुणाला भेट द्यायची म्हणून नाव घालणार असाल तर उन्हाळ्यातच घाला. पहिल्या खेपेला दोन-तीन तुकड्यांत फुटलेलंच भांडं न्या, चुरा झालेलं नको. बाह्या लांब हव्यात. आणि बिबा किंवा आंब्याचा चीक उतणाऱ्यांनी बाईंना आधी सांगावं, त्या अशांना वर्गाबाहेर बसून बघायला मोफत परवानगी देतात.